तीन नंबरची कांडी

आमच्या संस्थेत माझं काम कापायचं. धातूचे नमुने हिऱ्याच्या पात्यानं कापायचे, घासून आरशासारखे करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि वरच्या मजल्यावरच्या साहेबांना हाक मारायची. सगळे मला आरीवाला म्हणत. माझ्या खोलीला लागून जिना, जिन्यापलीकडे पंपाची खोली आणि तळघराच्या अगदी टोकाला एक जाड दार. दारावर हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला होता : ‘दार आपटू नये. आत काम चालू आहे.’ आत डोकावलं तर काम चालू असल्याची एकही खूण दिसत नसे. सहा उभ्या भट्ट्या, प्रत्येकीच्या डोक्यावर आडवा लोखंडी दांडा, दांड्याच्या टोकाला टांगलेली वजनं, आणि खुर्चीवर वही घेऊन बसलेल्या त्या.

नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना लोक बाई म्हणत. मग ताई म्हणू लागले. नवे इंजिनिअर आले ते थेट मावशीवर गेले. “आजी म्हणायच्या आत रिटायर झाले म्हणजे मिळवली,” असं त्या एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या. मी शेवटपर्यंत ताईच म्हणालो. माझ्याहून त्या दोनच वर्षांनी मोठ्या. एकतीस वर्षं आम्ही एकाच तळघरात काम केलं, आणि त्यातली तीस वर्षं आमचं बोलणं “काय, बरंय ना?” आणि “बरंय” यापुढे सहसा गेलं नाही. हे सांगताना मला चांगलं वाटत नाही, पण ते तसंच होतं.

त्यांचं काम असं. भट्टीत धातूची एक कांडी उभी धरलेली असते. पेन्सिलीएवढी जाड, बोटाएवढी लांब. ती हजार अंशांपर्यंत तापवायची, वजन लावून ताणायची, आणि मग काहीच करायचं नाही. नुसतं बघायचं. वजन वाढत नाही, आच वाढत नाही, तरी कांडी हळूहळू लांबत जाते. याला क्रीप म्हणतात. विमानाच्या इंजिनातली पाती वर्षानुवर्षं तापत आणि ताणली जात राहतात, ती किती दिवस टिकतील हे या कांड्यांवरून ठरतं. लांबणं किती, तर कधी कधी अख्ख्या आठवड्यात केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतकं. ते दाखवणारं गोल तबकडीचं माप भट्टीच्या खाली बसवलेलं असे. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ताई तो काटा वाचत आणि वहीत आकडा लिहीत. या खोलीत दुसरं कोणी टिकलं नव्हतं. एक जण तीन महिन्यांत बदली मागून गेला. जाताना म्हणाला, “इथे माणूस काम करतो की गंज धरतो तेच कळत नाही.”

घरी त्यांचे फक्त वडील होते. ते बसचे कंडक्टर होते आणि आयुष्यभर बोलत आले होते. प्रवाशांशी, शेजाऱ्यांशी, रेडिओशीसुद्धा. ताईंची धाकटी बहीण लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. आई आधीच गेली होती. ताईंचं लग्न जमलं नाही की त्यांनी जमवलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बापलेक राहत आणि त्या घरात बोलायचं काम वडिलांचंच. ताई हं हं करत भाजी चिरायच्या. मग एका सकाळी वडिलांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. ऐकू सगळं येई, कळेही सगळं, पण तोंडातून शब्द निघेना.

तेव्हापासून त्या घरात बोलायचं काम ताईंवर आलं. त्यांना ते जमत नव्हतं. काय बोलावं हेच सुचेना. मग त्या संध्याकाळी आल्या की वडिलांचा डावा हात हातात घेऊन भट्ट्यांच्या गोष्टी सांगायच्या. एक नंबरची कांडी तुटली. चार नंबरच्या भट्टीची तार जळली. वडील पाहत राहायचे आणि एखादी गोष्ट आवडली की बोटं दाबायचे.

तीन नंबरच्या भट्टीत ती कांडी लागली तेव्हा वडिलांना झटका येऊन दोन वर्षं झाली होती. कांडी आणली हळूसरांनी. वरच्या मजल्यावरचे हे शास्त्रज्ञ इतकं सावकाश बोलत, की त्यांचं वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा निवे. म्हणून हळूसर. पण तळघरात उतरून ताईंना काम समजावून सांगणारे तेवढेच.

“हे निकेल आणि अॅल्युमिनिअम आहे,” कांडी तळहातावर ठेवून ते म्हणाले. “पण नुसतं मिसळलेलं नाही. कणाशेजारी कण, एकाआड एक, असं ठरलेल्या जागी बसवलेलं. त्यामुळे ते निकेलसारखंही वागत नाही आणि अॅल्युमिनिअमसारखंही नाही. तापलं की टिकाऊ. गार असलं की काचेसारखं. पडलं तर गेलं.”

“मग हातात कशाला घेतलंत?” ताई म्हणाल्या.

हळूसरांनी घाईघाईनं, म्हणजे त्यांच्या मानानं घाईघाईनं, कांडी खोक्यात ठेवली. “आणि आत चाळीस तंतू आहेत. केसापेक्षा थोडे जाड. चिनी मातीच्या भांड्यासारख्या पदार्थाचे. आजूबाजूचा धातू सैलावला की भार हे तंतू घेतात. नुसता हा धातू असता तर दोन-तीन आठवड्यांत तुटला असता. तंतूंमुळे किती टिकेल ते कुणालाच ठाऊक नाही. आपण दहा हजार तास बघायचं.”

दहा हजार तास म्हणजे चौदा महिने. चौथ्या महिन्यात हळूसरांना दुसरीकडे वरची जागा मिळाली आणि ते गेले. जाताना म्हणाले, “ताई, तीन नंबरकडे लक्ष असू द्या.” त्यांच्यानंतर त्या कांडीला वाली असा कोणी उरला नाही. विषय बंद पडल्यातच जमा होता. चालू चाचणी मध्येच तोडायची नाही एवढ्याच नियमावर ती चालू राहिली.

आठव्या महिन्यात ताईंना काट्यात काहीतरी वेगळं दिसलं. बारा वाजता काटा जिथे होता तिथून चार वाजता तो चार रेघा पुढे. म्हणजे आठवड्याची वाढ चार तासांत. मग पुन्हा सगळं शांत. वीस दिवसांनी परत तसंच, तीन रेघांची उडी. मग आणखी एक. त्यांनी प्रत्येक उडीपुढे वहीत लाल टिंब केलं.

तोवर भट्ट्यांना कॉम्प्युटरही जोडला होता. तो दर तासाला आकडा घेई आणि महिन्याच्या शेवटी सुरेख सरळ रेघ काढून देई. त्या रेघेत उड्या नव्हत्या. तिमाही बैठकीत मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मी नमुन्यांच्या कामासाठी कोपऱ्यात बसलो होतो.

“मावशी, हे काय आहे? कॉम्प्युटर म्हणतो सरळ, तुमची वही म्हणते पायऱ्या.”

“काटा जसा दिसला तसा लिहिला, साहेब.”

“अहो, खाली साफसफाई करताना तुमचा हात लागत असेल मापाला.”

“हात लागत नाही.”

“किंवा डोळे. नंबर वाढला असेल चष्म्याचा. या वयात होतं.” दोघेतिघे हसले. मोठे साहेब मनानं वाईट नव्हते, त्यांना पुढच्या विषयावर जायची घाई होती. “पुढच्या अहवालात कॉम्प्युटरचेच आकडे घ्या. वही बंद केलीत तरी चालेल.”

ताईंनी वही उचलली आणि छातीशी धरून खाली निघून गेल्या. जिन्यात मी मागेच होतो. “जाऊ द्या हो ताई,” एवढं म्हणायला काय जात होतं? मी तेही म्हणालो नाही. त्या दारापाशी थांबल्या, ते हलक्या हातानं लोटलं आणि आत गेल्या.

पुढच्याच महिन्यात त्यांचे वडील वारले. सूचना फलकावर दोन ओळींचा कागद लागला. वरून तीन-चार जण जाऊन आले. मी गेलो नाही. माझ्याकडे कापायला आठ नमुने पडले होते, असं मी बायकोला सांगितलं आणि स्वतःलाही. ताई पाच दिवस आल्या नाहीत. त्या पाच दिवसांत काटा वाचायला कोणी गेलं नाही. कॉम्प्युटर होता ना.

सहाव्या दिवशी सकाळी आठला त्या आल्या, तीन नंबरसमोर बसल्या, आणि काटा अकरा रेघा पुढे गेलेला दिसला.

नंतर डबा खाताना त्यांनी मला सांगितलं, की त्या क्षणी त्यांना साहेबांचा राग आला नाही की काही नाही. फक्त एवढंच वाटलं, की आपण इथे असायला हवं होतं, आणि घरीही असायलाच हवं होतं, आणि दोन्हीकडे आपल्यावाचून जे व्हायचं ते होऊन गेलं. वडील गेले तेव्हा त्या औषधं आणायला खाली उतरल्या होत्या.

पंपाचा मेकॅनिक पंपात बिघाड शोधताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावतो आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला टेकवतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आतलं सगळं ऐकू येतं तसं. त्यांनी त्याच्याकडून एक जुना स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. भट्टीच्या खाली कांडीला धरून ठेवणारा दांडा बाहेर येतो, तो पाण्यानं गार ठेवलेला असतो. त्या दांड्याला टोक लावून ताई बसू लागल्या. जेवणाच्या सुट्टीत वरचे सगळे जेवायला गेले की बसायच्या. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर. घरी जाऊन करायचं तरी काय होतं? रखवालदार सांगायचा, “मावशी रविवारी पण येतात, आणि भट्टीला कान लावून बसतात.” सांगताना तो कपाळापाशी बोट फिरवायचा. मीही हसलो होतो.

अकरा दिवस काही ऐकू आलं नाही. पंपाची घरघर, पाण्याची सळसळ, स्वतःच्या नाडीचे ठोके. बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी, टक् असा आवाज झाला. नखानं काचेच्या पेल्याला टिचकी मारावी तसा. त्यांनी डोळे उघडून काट्याकडे पाहिलं. तीन रेघा पुढे.

एक तंतू तुटला होता. हजार अंशांच्या आचेत, बंद भट्टीत, बोटाएवढ्या कांडीच्या पोटात, आणि त्यांनी तो तुटताना ऐकला होता.

त्या उठल्या. इमारतीत रखवालदाराशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी वहीत वेळ लिहिली, लाल टिंब केलं आणि जिना चढून वर आल्या. बहिणीला फोन लावला.

“अगं, आज मी तंतू तुटताना ऐकला.”

“काय तुटलं? कुठे पडलीस का?”

“नाही गं. भट्टीतला. कांडीतला.”

“बरं बरं. हे बघ, मी बाजारात आहे, इथे नीट ऐकू येत नाही. जेवलीस ना? रात्री करते फोन.”

रात्री फोन आला नाही. मुलांच्या परीक्षा होत्या, राहून गेलं असेल. ताई घरी आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, “बाबा, आज काय झालं माहितीये?” मग खाटेकडे पाहून त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. हे मला सांगताना त्यांनी डब्याचं झाकण दोनदा लावलं आणि दोनदा काढलं.

दहा हजार तास भरले तेव्हा कांडी तुटलेली नव्हती. भट्टी गार केली, वजनं उतरवली. नियमाप्रमाणे न तुटलेली कांडी खोक्यात घालून कपाटात ठेवायची. ताईंनी तसं केलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या बोलावल्याशिवाय मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. हातात वही आणि एक अर्ज.

“साहेब, कांडी कापून बघायची आहे. तुटलेले तंतू मोजायचे आहेत.”

“मावशी, तो विषय आता बंद झालाय.”

“कांडी आहे ना अजून.”

“कापली की संपली ती. पुन्हा चाचणी घेता यायची नाही.”

“घेणार आहात का पुन्हा?”

साहेबांनी अर्ज पुढ्यात ओढला. “आणि मोजून काही निघालं नाही तर?”

“तर वही बंद करते,” ताई म्हणाल्या. “आणि चष्माही बदलून घेते.”

साहेबांनी अर्जावर सही केली आणि ते काम माझ्याकडे आलं.

गार झालेली ती कांडी म्हणजे खरंच काच. श्वास रोखून ती मधोमध उभी चिरली. मग एकेक थर घासायचा, चकचकीत करायचा, बघायचं, मोजायचं, पुन्हा घासायचा. नऊ दिवस लागले. ताई माझ्या शेजारी स्टुलावर बसून असायच्या. पहिल्या दिवशी मी जरा फणकाऱ्यानंच म्हणालो, “आरीनं तुटलेले तंतू आणि तुमचे तंतू यातला फरक तुम्हाला कळणार आहे का?”

“तुम्हाला कळेल म्हणून तर आले ना, भाऊ.”

मला कळत होता. आरीनं तुटलेल्याची टोकं धारदार आणि एकमेकांना चिकटून असतात. आचेत तुटलेल्याची टोकं दूर सरकलेली असतात आणि मधल्या फटीत आजूबाजूचा धातू थोडा आत ओघळलेला दिसतो. पहिला तसा तंतू दिसला तेव्हा मी बाजूला सरकलो आणि त्यांना सूक्ष्मदर्शकात बघायला दिलं. त्या खूप वेळ डोळा लावून राहिल्या. “एवढीशी फट,” म्हणाल्या.

त्या नऊ दिवसांत आम्ही डबा एकत्र खाल्ला. मी जे काही इथे सांगतोय ते तेव्हा कळलेलं, तुकड्या-तुकड्यानं. त्या बोलायला लागल्या की मध्येच थांबायच्या. इतक्या वर्षांत कुणी पुढचं वाक्य ऐकायला थांबलं नसेल, म्हणून ती सवय लागली असावी.

शेवटच्या दिवशी बेरीज झाली. आचेत तुटलेले तंतू सतरा. वहीतली लाल टिंबं चौदा.

“तीन कमी पडतात,” मी म्हणालो. मला वाईट वाटलं.

त्यांनी वहीचं एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. पाच दिवसांच्या रिकाम्या ओळी. वर एक आकडा, खाली एक आकडा, मध्ये अकरा रेघांचं अंतर. रिकाम्या ओळींवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हे बघा तीन. मी नव्हते तेव्हाचे.”

मग बोट तसंच ठेवून : “बाबा गेले त्या आठवड्यातले.”

त्या वेळी मी त्यांना भेटायला गेलो नव्हतो, हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं, की त्यांना माहीत आहे. तेव्हा तरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “ताई, चहा घेऊ या?”

“घेऊ या,” त्या म्हणाल्या.

मोठ्या साहेबांनी फोटो पाहिले, वही पाहिली, कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तेव्हा कळलं, की रेघेत न बसणारे आकडे चूक समजून गाळून टाकायची व्यवस्था त्यानंच करून ठेवली होती. साहेबांनी माफी मागितली नाही. पण अहवाल बदलला आणि ताईंना बैठकीत उभं करून सगळ्यांना सांगायला लावलं. त्या चार मिनिटं बोलल्या, टेबलाकडे बघत. या वेळी कोणी हसलं नाही. अहवालाच्या शेवटी एक ओळ आली : ‘तंत्रसहायकाच्या काळजीपूर्वक नोंदींबद्दल आभार.’ त्यांनी त्याची प्रत हळूसरांना पाठवली. महिन्यानं उत्तर आलं. अभिनंदन, आनंद झाला, मी आता या विषयात राहिलो नाही, इमारतींची आणि भरतीची कामं बघतो. चार ओळी. ताईंनी त्या मला वाचून दाखवल्या आणि म्हणाल्या, “लिहितात मात्र भरभर.”

पुढे भट्ट्यांना आवाज टिपणारी यंत्रं बसली. कुठे काय तुटलं ते वरच्या मजल्यावर पडद्यावर उमटू लागलं. वर्षभरानं ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या वेळी त्यांना बोलायला सांगितलं, तर म्हणाल्या, “खोली चांगली होती. हवा एकसारखी असायची.” लोकांना वाटलं, आणखी काही बोलतील. त्या बसल्या.

दोन महिन्यांनी मी आणि बायको त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बहिणीकडे गेल्यात, महिनाभर राहणार आहेत. मला हायसं वाटलं. माणसांत असतील, भाचरांत असतील. पण बारा दिवसांनी त्या मला बसथांब्यावर दिसल्या, हातात पिशवी.

“ताई! इतक्यात परत? करमलं नाही का?”

“करमायला काय झालं? चांगली सरबराई केली सगळ्यांनी. मला वेगळी खोली दिली. भाची म्हणाली, मावशी, तू आराम कर.” त्या बस येते का ते बघत राहिल्या. “सगळे सारखे बोलत असतात हो तिकडे. एकाचं संपायच्या आत दुसरा. मी सहा दिवसांनी एक गोष्ट सांगायला घेतली. अर्ध्यावर आले तर भाचा उठून गेला, बहिणीला फोन आला. वाईट कुणी वागलं नाही. पण मग मला वाटलं, एकटीनं गप्प बसायचं तर ते आपल्या घरी बसावं.”

“कुठली गोष्ट सांगत होतात?”

“काही नाही हो, आमच्या बाबांची. एकदा शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली आणि...” बस आली. त्यांनी पिशवी सावरली. “जाऊ द्या. तुमची पण बस हीच ना?”

माझी बस ती नव्हती. मी चढलो.

“मग काय झालं?” बसल्यावर मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. मग पिशवी मांडीवर घेतली आणि गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली.